आखाड्यातील हमीदा बानू आणि आखाड्याबाहेरचा पुकारा

नांदेडच्या सीमेला लागून असलेला मुधोळ-भैंशाचा मुलूख पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. २०१६ साली तेलंगणातील जिल्ह्यांची फेरमांडणी झाली तेव्हा तो निर्मल जिल्ह्यात गेला. मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषा एकाच बाजारात कानी पडाव्यात असा हा प्रदेश. येथील गावजत्रांतून कुस्तीला अद्यापही मानाचे स्थान आहे. दुपार कलली म्हणजे मोकळ्या रानात माणसांचे रिंगण धरले जाते. पहिल्या कुस्त्या लहानग्या पोरांच्या, आणि त्यांचे इनाम नारळ. मग मोठे जोड लागू लागतात, इनामाची रक्कम चढत जाते, आणि उन्हे उतरता उतरता अखेरची कुस्ती चांदीच्या कड्यासाठी लागते.

या सोहळ्यात मल्लांच्या खालोखाल महत्त्वाचा मनुष्य कोणता म्हणाल तर तो जोड पुकारणारा. मल्ल कोणत्या गावचा, कोणत्या वस्तादाच्या हाताखाली तयार झालेला, इनाम किती, निकाल काय, हे सारे त्याच्या तोंडून लोकांना कळते. रिंगणाच्या मागल्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला पाठ मातीला लागली की खांदाच टेकला, हे कोठून दिसणार? पुकारणारा सांगेल तो निकाल, आणि तोच निकाल मंडळी आपापल्या गावी घेऊन जातात. दुसऱ्या दिवशी कुस्ती उरत नाही. पुकारा मात्र उरतो.

शहरांत जेव्हा तिकीट लावून दंगली भरू लागल्या तेव्हा हा पुकारा रिंगण सोडून भिंतीवरच्या जाहिरातींत गेला, वर्तमानपत्रांच्या रकान्यांत गेला, आणि पुढे ध्वनिक्षेपकात व दूरचित्रवाणीतही गेला. माणसे बदलली, साधने बदलली. पुकारणारा आवाज मात्र दीर्घकाळ पुरुषाचाच राहिला. आखाड्यात स्त्री उतरली तरीसुद्धा तिच्या कुस्तीचा वृत्तांत सांगण्याचे काम दुसऱ्याच कोणाकडे होते. याचा एका मल्लाच्या आयुष्यावर काय परिणाम होतो, हे पाहावयाचे असेल तर हमीदा बानू हिच्या चरित्राइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

हमीदा बानूचा काळ समजण्यासाठी त्या वेळच्या धंदेवाईक कुस्तीची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. मल्लविद्या ही आपल्याकडे संस्थानिकांच्या आश्रयाने वाढली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधले ते १९१२ साली. गामाने लंडनमध्ये पोलंडच्या झिबिस्कोशी लढत दिली ती १९१० साली, आणि त्याच झिबिस्कोला त्याने निमिषार्धात चीत केले ते १९२८ मध्ये, पतियाळाच्या महाराजांच्या आश्रयाखाली. दूध, तूप, बदाम, वस्तादाचे वेतन, हा सर्व भार दरबार उचलीत असे. संस्थाने विलीन झाली आणि हा आधार तुटला. मग मल्लाचे पोट तिकिटावर आले. ठेकेदार मैदान भाड्याने घेई, जोड ठरवी, जाहिराती लावी आणि गल्ल्यातून मल्लाला वाटा देई. किंग काँगसारखे परदेशी मल्ल मुंबईत येऊन फ्री-स्टाइलचे प्रयोग करीत आणि लोक त्यांना गर्दी करीत, तो हाच काळ. हौशी कुस्तीचा मार्ग अगदी निराळा होता. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले, पण त्या प्रवासाचे पैसे उभे करण्यासाठी त्यांना दारोदार फिरावे लागले. गल्ला होता तो ठेकेदाराच्या मैदानात.

या गल्ल्याच्या जगात हमीदा बानू आली. तिचा जन्म उत्तर प्रदेशातील मिर्झापूरचा. तेथून ती अलीगढला सलाम पहिलवान याच्याकडे शिकावयास गेली, आणि पुढे वृत्तपत्रांनी तिला ‘अलीगढची ॲमेझॉन’ असे नाव दिले. मुंबईत तिचे नाव गाजू लागले ते १९४४ च्या सुमारास. त्या वर्षी गुंगा पहिलवानाशी तिची कुस्ती जाहीर झाली तेव्हा सुमारे २०,००० प्रेक्षक जमल्याचे ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने नमूद केले आहे. महायुद्ध चालू होते, धान्य शिधापत्रिकेवर मिळत होते, आणि अशा दिवसांत वीस हजार माणसे एका स्त्रीची कुस्ती पाहावयास तिकीट काढतात, ही गोष्ट साधी नव्हे. कुस्ती मात्र झाली नाही. गुंगाने ऐन वेळी अधिक पैसे मागितले, तयारीसाठी अधिक अवधीही मागितला, आणि लढत रद्द करावी लागली. चिडलेल्या जमावाने मैदानाची नासधूस केली. माघार पुरुष मल्लाने घेतली होती, तरी त्या दिवसाची आठवण राहिली ती हमीदा बानूच्या नावाने झालेला दंगा अशी.

तिच्याविषयी जे छापून आले त्याचे स्वरूपही पाहण्याजोगे आहे. उंची ५ फूट ३ इंच, वजन सुमारे १०८ किलो; रोजचा आहार म्हणजे साडेपाच लिटरांवर दूध, पावणेतीन लिटर सूप, पावणेदोन लिटर फळांचा रस, एक कोंबडी, किलोभर मटण आणि बदाम, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, दोन मोठे पाव आणि दोन थाळ्या बिर्याणी. नऊ तास झोप, सहा तास मेहनत. पहिलवानाचा खुराक सांगण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. गामाच्या खुराकाच्याही अशाच कथा आहेत. पण गामाच्या बाबतीत खुराकाच्या जोडीने डावही सांगितले जातात. हमीदा बानूविषयीच्या ज्या बातम्या आजवर पुन्हापुन्हा उद्धृत झाल्या त्यांत अंड्यांची संख्या सापडते. तिचा हुकमी डाव कोणता, ती पट काढण्यात तरबेज होती की धोबीपछाडीत, ढाक लावी की कलाजंग, याविषयी अक्षर सापडत नाही. ज्यांनी तिला पाहिले त्यांनी तिचे आकारमान पाहिले. मल्ल म्हणून तिच्याकडे पाहावे, असे लिहिणाऱ्यांना फारसे वाटलेले दिसत नाही.

१९५४ चा फेब्रुवारी महिना उजाडला आणि तिच्या नावाने एक आव्हान प्रसिद्ध झाले: जो पुरुष मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी विवाह करीन. ही कल्पना मूळ कोणाच्या डोक्यातून निघाली असेल ती असो. तिच्यात स्वयंवराची छटा होती, कुतूहल होते, थोडासा चावटपणाही होता, आणि तिकीटविक्रीला याहून अधिक काही लागत नाही. तिशी ओलांडलेली, तोवर तीनशेहून अधिक कुस्त्या जिंकल्याचा दावा करणारी ही स्त्री त्या दिवसापासून जाहिरातीत मल्ल राहिली नाही, तीच स्वतः इनाम झाली. नारळ, रोख रक्कम, चांदीचे कडे, आणि आता मल्ल स्वतः! आव्हानानंतर तिने प्रथम पतियाळाच्या एका मल्लाला आणि मग कलकत्त्याच्या एका मल्लाला हरविले. मे महिन्यात ती बडोद्याला गेली. बडोदे तेव्हा मुंबई राज्यात होते. शहरात मोटारींवर आणि मालट्रकांवर तिच्या कुस्तीचे फलक लावून फिरविले जात होते.

तिचा सामना व्हावयाचा होता छोटे गामा पहिलवानाशी. बडोद्याच्या महाराजांचा त्याला आश्रय होता. स्त्रीशी आपण कुस्ती खेळणार नाही, असे सांगून त्याने अखेरच्या क्षणी अंग काढून घेतले. त्याच्या जागी बाबा पहिलवान उभा राहिला, आणि हमीदा बानूने त्याला १ मिनिट ३४ सेकंदांत अस्मान दाखविले. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने ३ मे रोजी ही बातमी तारेने पाठविली आणि ती देशोदेशींच्या पत्रांत झळकली. बाबा पहिलवान आता विवाहाच्या शर्यतीतून बाद झाला, ही गंमतही तीत होतीच.

धंदेवाईक मैदानात तिला कोणत्या पंगतीला बसविले जात होते, हे दुसऱ्या एका प्रसंगावरून कळते. भारतातील खेळांचे इतिहासकार रणजय सेन यांनी तो नोंदविला आहे. तिच्या एका कुस्तीनंतर एक लंगडा आणि एक आंधळा अशा दोन मल्लांची लढत जाहीर केलेली होती. आंधळ्या मल्लाची दाढ दुखू लागल्यामुळे ती झाली नाही आणि लंगड्याला विजयी ठरविण्यात आले. वाचताना हसू येते खरे. परंतु कार्यक्रमपत्रिकेत ज्या ओळीखाली हा प्रकार छापला होता ती ओळ हमीदा बानूची होती. स्त्रीची कुस्ती पाहावयास आलेल्या माणसाने ती कोणत्या दृष्टीने पाहावी हे त्या पत्रिकेने आधीच सांगून ठेवले होते.

महाराष्ट्रात तिला अधिक कडवा विरोध झाला. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी तिची कुस्ती ठरली होती. कुस्तीगीरांच्या संघाने हरकत घेतल्यामुळे ती रद्द करावी लागली. कोल्हापुरात तिने एका पंजाबी मल्लाला हरविल्यावर प्रेक्षकांनी हुर्यो उडविली, दगडफेक केली, आणि पोलिसांनी मध्ये पडून तिला बाहेर काढले. विरोध करणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. तालीम हे त्यांच्या लेखी देवस्थान होते. तेथे मारुतीची मूर्ती, लाल मातीची पूजा, ब्रह्मचर्याचे व्रत. स्त्रीने त्या मातीत पाऊल ठेवणेच ज्यांना अब्रह्मण्यम् वाटे, त्यांना स्त्रीने पुरुषाची पाठ त्याच मातीला लावलेली कशी सोसावी? त्यात हा सारा ठेकेदारांचा व्यवहार; कोल्हापूरच्या प्रेक्षकाला ठेकेदाराच्या कुस्तीचा वास लगेच येतो. तो दगड अपमानापोटी भिरकावला गेला की फसवणुकीच्या संशयाने, हे आज सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही भावना एकाच मुठीत असाव्यात.

संशयाचे नाव होते नुरा कुस्ती. आधी संगनमत करून निकाल ठरवावयाचा आणि मग लोकांसमोर लढल्याचे सोंग आणावयाचे, याला कुस्तीगीरांत नुरा म्हणतात. हमीदा बानूच्या लढतींवर बंदी आली तेव्हा तिने मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. बंदी ती स्त्री आहे म्हणून नाही, तर ठेकेदार तिच्यासमोर बनावट मल्ल उभे करतात अशा तक्रारी आल्या आहेत म्हणून आहे, असे मोरारजींचे उत्तर होते. उत्तर राज्यकर्त्याला शोभण्यासारखे होते, परंतु त्यातील न्याय विचित्र होता. लबाडी ठेकेदाराची, बनाव समोरच्या मल्लाचा. मैदान बंद झाले ते तिला.

या लढती खरोखरच ठरविलेल्या होत्या काय? महेश्वर दयाल यांनी १९८७ सालच्या आपल्या लिखाणात दोन्ही गोष्टी नोंदविल्या आहेत: ती अगदी पुरुष मल्लांसारखीच लढे, असे ते म्हणतात, आणि प्रतिस्पर्ध्यांशी तिचा गुप्त करार असे व ते मुद्दाम पडत, असे काही लोक सांगत, हेही ते लिहितात. तिच्या सर्वच कुस्त्या खऱ्या होत्या असा आग्रह धरण्याचे कारण नाही. त्या काळच्या धंदेवाईक मैदानात ठरवून केलेल्या लढती सर्रास होत. त्याच १९५४ साली दारासिंगने मुंबईत टायगर जोगिंदर सिंगला हरवून ‘रुस्तम-ए-हिंद’ हा किताब घेतला. फ्री-स्टाइलच्या त्याच्या लढतींविषयीही लोक कुजबुजत. पण त्या कुजबुजीने त्याचे काही बिघडले नाही, उलट तो पुढे रुपेरी पडद्यावर महाबली म्हणून मिरवला. संशय दोघांवरही होता. दारासिंगला तो कोटावरच्या धुळीसारखा झटकता आला; हमीदा बानूच्या अंगाला तो चिकटला. कारण पुरुष जिंकतो यात लोकांना नवल वाटत नाही, आणि स्त्रीने पुरुषाला हरविले असे ऐकले की त्याचा खुलासा शोधावा लागतो; नुरा हा तयार खुलासा होता.

दूरच्या अमेरिकेतही त्याच वर्षी याच जातीची घटना घडली. मिल्ड्रेड बर्क ही स्त्री मल्ल १९३५ पासून जत्रांतून पुरुषांशी कुस्ती करीत वर आलेली आणि १९३७ पासून विजेतेपद टिकवून असलेली. २० ऑगस्ट १९५४ रोजी अटलांटा येथे जून बायर्स हिच्याशी तिची लढत झाली. तीनपैकी दोन डाव जिंकील ती विजयी, असा नियम होता. ठरवाठरवी बाजूला ठेवून दोघी खरोखरच झुंजल्या, आणि हे त्या धंद्यात अपूर्वच. पहिला डाव बायर्सने घेतला, दुसरा लांबतच गेला, आणि अधिकाऱ्यांनी निकाल न लागताच लढत थांबविली. नियमाप्रमाणे बर्क हरली नव्हती. परंतु वर्तमानपत्रांत बायर्स विजयी म्हणून छापून आले, आणि विजेतेपद गेले. बर्कचा पूर्वीचा पती हाच स्त्रियांच्या कुस्त्यांचा ठेकेदार होता, आणि त्याचे वजन बायर्सच्या पारड्यात होते. मुंबई राज्यात खोटेपणाच्या संशयाने एकीचे मैदान गेले. अटलांटात खऱ्या झुंजीनंतर दुसरीचे पद गेले. दोन्ही ठिकाणी शेवटचा शब्द आखाड्याबाहेरचा होता.

मुंबईत १९५४ मध्येच व्हेरा चिस्टिलिन या रशियन म्हणविल्या जाणाऱ्या स्त्री मल्लाला हमीदा बानूने मिनिटभराच्या आत हरविले, आणि आता आपण युरोपात जाऊन लढणार असे जाहीर केले. युरोपची ती मोहीम घडली नाही. वर्तमानपत्रांतून तिचे नाव जवळजवळ एकाएकी नाहीसे झाले. उरलेले आयुष्य तिने मुंबईजवळ कल्याण येथे काढले. दुधाचा धंदा केला, आणि तोही बसला तेव्हा घरी केलेले खाद्यपदार्थ रस्त्याच्या कडेला विकले. १९८६ साली ती वारली. ज्या खुराकाचे आकडे एके काळी देशोदेशी छापले गेले, तिच्या त्या कल्याणच्या दिवसांतील चुलीची बातमी देण्यास कोणी आले नाही.

तिच्याविषयीचा एक निर्मळ उद्गार उर्दू कथेत सापडतो. कुर्रतुलऐन हैदर यांच्या ‘डालनवाला’ या कथेत घरचा नोकर फकीरा तिची दंगल पाहून येतो आणि हिला कोणी हरवू शकत नाही, असे घरी सांगतो. त्याला ना तिकिटे खपवावयाची होती ना तार पाठवावयाची. पाहिले ते त्याने सांगितले, आणि ते टिपून ठेवणारी लेखणी एका स्त्रीची होती, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

खेळाचा वृत्तांत सांगण्याच्या जागी स्त्री येऊन बसण्यास पुढे किती काळ लागला? आकाशवाणीवर स्त्रियांचे आवाज आरंभापासून ऐकू येत होते. गाणी, श्रुतिका, वनितामंडळ, बातम्या, यांत त्यांना वाव होता. खेळाचे धावते वर्णन मात्र पुरुषांचे राखीव कुरण राहिले. १९७६-७७ च्या हंगामात इंदूर येथे मुंबई आणि एम.सी.सी. यांचा सामना झाला आणि त्या वेळी चंद्रा नायडू यांनी समालोचन केले. भारतातील क्रिकेटच्या पहिल्या स्त्री समालोचक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. नागपुरात जन्मलेल्या आणि होळकरांच्या संघाला नावारूपास आणणाऱ्या कर्नल सी. के. नायडूंची ही कन्या, इंदुरात इंग्रजीची प्राध्यापक. क्रिकेट तिच्या घरातच होते. तरीही तो एक अपवाद होता, परिपाठ नव्हे.

कुस्तीत हा बदल आणखी उशिरा झाला, आणि तेथे त्याचे मोलही अधिक होते. क्रिकेटमध्ये त्रिफळा उडाला तर तो समालोचकावाचूनही उडतो. अमेरिकी धर्तीच्या धंदेवाईक कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो हे आता सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा कोण शूर, कोण कपटी, कोणाची कळवळ खरी, हे प्रेक्षकाला सांगणारा समालोचक हाच तेथला खरा सूत्रधार. न्यू यॉर्क राज्यात स्त्रियांच्या कुस्तीवरील बंदी उठली ती १९७२ साली. डब्ल्यू.डब्ल्यू.ई. या संस्थेचा ‘रॉ’ हा साप्ताहिक कार्यक्रम १९९३ मध्ये सुरू झाला. स्त्री मल्ल त्यात उतरत; मल्लांच्या मुलाखती घ्यावयास हाती ध्वनिक्षेपक घेतलेल्या स्त्रियाही दिसत. पण समालोचकाच्या मेजावर कायमची जागा मिळण्यास पंचवीस वर्षे लोटली. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरांटोची रेने यंग त्या मेजावर पूर्णवेळ बसली. कॅनडातील एका क्रीडावाहिनीवर कुस्तीविषयक कार्यक्रमातून पुढे आलेली ही निवेदिका २०१२ साली त्या संस्थेत आली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस संस्थेने केवळ स्त्री मल्लांच्या लढतींचा ‘एव्होल्यूशन’ हा मोठा प्रयोग केला, आणि त्याच्या समालोचनातही तिचा आवाज होता. मेजावर ती जेमतेम वर्षभर राहिली आणि दुसऱ्या कार्यक्रमाकडे गेली. पण स्त्रीने कुस्तीचे वर्णन करणे ही त्यानंतर नवलाची गोष्ट राहिली नाही.

इकडे स्त्रियांची कुस्ती २००४ साली ऑलिंपिकमध्ये आली, २०१६ साली साक्षी मलिकने तीत कांस्यपदक मिळविले, आणि मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा होऊन प्रतीक्षा बागडी विजयी झाली. कोल्हापूरपासून फार दूर नाही असे हे गाव, आणि या वेळी मैदानात दगड आले नाहीत.

हमीदा बानूची आठवण २०२४ साली एकाएकी जागी झाली. गूगलने आपल्या मुखपृष्ठावर आखाड्यातील तिचे रंगीत चित्र झळकविले आणि लाखो लोकांनी तिचे नाव पहिल्यांदा वाचले. त्यासाठी निवडलेला दिवस होता ४ मे: बडोद्याच्या १ मिनिट ३४ सेकंदांच्या त्या कुस्तीची बातमी वर्तमानपत्रांत छापून आली तो दिवस.